मी तिला खाली बसवलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कांड्या भरणं.

वेरूळच्या रस्त्याला शेठचं हिमरू कापडाचं दुकान. पुढं काच, गालिचा, थंड पाणी. मागच्या खोलीत माझा माग. मी खड्ड्यात पाय सोडून विणायचो. माझी बायको गयाबाई शेजारी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. परदेशी पाहुण्यांच्या बसा यायच्या. शेठ त्यांना मागं आणायचा, बोटानं दाखवायचा. फोटो निघायचे. माग दाखवायचा तसंच आम्हाला दाखवायचा.

त्या दुपारी बस नव्हती. भाकरी खाऊन झाली होती. ती चरखा फिरवत होती अन् मी तिची वही धरून बसलो होतो. वही इंग्रजीची, पण अक्षरं मराठी. औरंगपुऱ्यात एक शाळेतनं निवृत्त झालेल्या बाई होत्या. आठवड्यातनं दोनदा म्हाताऱ्या बायकांना इंग्रजी बोलायला फुकट शिकवायच्या. ही सहावी शिकलेली. मी चौथीत सुटलो, मेंढरांमागं गेलो. तरी पाठ ऐकायचं काम माझं. शेवटचा बारका शब्द मी तळहातानं झाकायचा अन् तिनं तो सांगायचा.

"प्राइड मायसेल्फ," मी म्हणलं.

"ऑन."

"ब्लेम मायसेल्फ."

"फॉर."

"प्रोटेक्ट मायसेल्फ."

"फ्रॉम. अवं, हात नीट ठेवा, मला दिसतंय समदं."

मी म्हणलं, "ह्यांचं एकदा मी म्हणून भागत नाय व्हय?"

"नाय भागत. आय म्हणलं की करणारी मी. मायसेल्फ म्हणलं की जिच्यावर केलं तीबी मीच. मग बारका शब्द सांगतो, कशापायी, कुणाम्होरं, कशापासून. आपल्यात 'ला', 'वर', 'पासून' नावाच्या मागनं चालतात. त्यांच्यात म्होरनं."

"अन् कुणाला कोणता लावायचा, हे कसं कळायचं?"

"कळत नाय. पाठ करायचं. सोयरीक ठरल्याली असती. प्राइडची ऑनशी, ब्लेमची फॉरशी."

"पटलं नाय तर?"

"तरी नांदायचं. मी नाय का नांदले?" चरखा थांबवून हसली. लई हसली.

तेवढ्यात बस आली.

आता हे सांगायला पाहिजे. त्या वर्षी आमच्या मागावर जी वेल विणली जायची ती गयाबाईची होती. वेरूळच्या एका लेण्यात खांबावर दगडात कोरलेली वेल आहे. ती चार रविवार तिथं गेली. पानं मोजली, वळणं मोजली, बोटाच्या पेरांवर धागे मोजले, घरी येऊन चौकोनी कागदावर ठिपके मांडले. मी फक्त विणली. शेठ पाहुण्यांना सांगायचा, ही वेल माझ्या आज्याची. निजामाच्या वाड्यात जायची. ती नुसतं ऐकायची. म्हणून तर इंग्रजी शिकायला गेली होती. हे मला ठाऊक होतं. एकट्या मला.

पाहुणे आत आले. शेठनं मागावरच्या कापडावर हात ठेवला, आज्याची गोष्ट सुरू केली. गयाबाई उठली. लुगडं सारखं केलं. एका पांढऱ्या केसांच्या बाईपुढं जाऊन हात जोडले.

"आय वाँट टू इंट्रोड्यूस मायसेल्फ टू यू. आय ॲम गयाबाई."

एक अक्षर चुकलं नाय. बाईचं तोंड फुललं. गयाबाईनं वेलीकडं बोट केलं, पुढचं बोलायला तोंड उघडलं. शेठ मोठ्यानं हसला. इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मला त्यातला 'पॅरट' कळला. पोपट. सगळे हसले. ती पांढऱ्या केसांचीबी हसली. मग शेठ माझ्याकडं वळला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणूस.

"काय रे, बायकोची मेमसाब करतो का? बसव तिला खाली."

मला शेठचा राग यायला पाहिजे होता. आला नाय. मला तिचा आला. काम जाईल ही भीती होती, ते खरं. पण तेवढंच नव्हतं. ती माझ्या म्होरं निघून गेली होती. परक्या माणसांत, परक्या बोलीत, उघड्या तोंडानं आपलं नाव घेत होती. मी मात्र खड्ड्यात. खालनं मला तिची पावलं दिसत होती.

मी ओरडलो, "बस खाली! लाज हाय का नाय? पोपटावानी बोलायला लागली."

शेठचा शब्द मी उचलला. तोच. अन् तिच्या अंगावर टाकला.

ती बसली. चरखा सुरू केला. पाहुणे गेले, शेठ गेला, चरखा चालूच.

त्याच्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाय. एका खोलीत होतो, एका ताटलीत चटणी होती, पण मिळून नाय. ती औरंगपुऱ्याला गेली नाय. वही आणली नाय. मी विचारलं नाय. विचारलं असतं तर माफी मागावी लागली असती. मी म्हणायचो, उद्या बघू. महिन्याच्या आत तिला ताप भरला, छातीत पाणी झालं. घाटी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेली. शेवटी पाणी मागितलं, ते मी दिलं. बाकी काही बोलली नाय. लोक म्हणतात, दुखण्यानं गेली. व्हय, दुखण्यानंच गेली. पण गप्प गेली. ते दुखण्यानं नाय.

तेरावं झालं. मी परत कामावर गेलो. कुठं जाणार? मागच्या खोलीत भिंतीवर तिचा फोटो होता. मोठा केलेला, चंदनाचा हार घातलेला. खाली तिच्याच वेलीचं कापड टांगलेलं. मला भरून आलं. मनात म्हणलं, शेठ माणूस बरा आहे. इतका मी खुळा.

दुपारी बस आली. शेठनं फोटोपुढं हात जोडले, डोळे मिटले, उघडले अन् बोलला. पयल्यांदा मला शेठचं इंग्रजी कळलं. समदं नाय. एक वाक्य.

"शी डिव्होटेड हरसेल्फ टू माय ग्रँडफादर्स आर्ट."

हे माझ्या तळहाताखालनं गेलेलं होतं. डिव्होट, मग सेल्फ, मग टू. आपण आपल्याला वाहून टाकलं, अन् टू सांगतो कुणाला. तिनं स्वतःला शेठच्या आज्याच्या कलेला वाहिलं, म्हणे. जिवंत होती तेव्हा तिला बोलू दिलं नाय. मेली तेव्हा तिच्या तोंडात आजा कोंबला. पाहुण्यांनी माना हलवल्या. दोघींनी ती वेल विकत घेतली.

मी विणत होतो. धोटा इकडनं तिकडं. कळलं होतं तरी गप्प होतो. पयल्यांदा न कळून तिला खाली बसवलं असतं तर गोष्ट वेगळी. मला दोन्ही वेळा सगळं ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी गेलो. चूल पेटवली नाय. मी स्वतःला शेठच्या जागी ठेवून बघितलं. फार लांब जावं लागलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पयली बस आली तेव्हा मी खड्ड्यातनं बाहेर येऊन उभा होतो. फोटो भिंतीवरनं काढला होता, हार खाली ठेवला होता. फोटो छातीशी धरला होता. शेठ म्हणाला, "हे काय? जागेवर जा."

मी त्याच्याशी बोललो नाय. बसबरोबर आलेल्या गाईडला म्हणलं, "दादा, मला इंग्रजी येत नाय. मी बोलतो, तुम्ही सांगा."

तो शेठकडं बघायला लागला. मी म्हणलं, "त्यांच्याकडं बघू नका. तुमची भाकरी जाईल ही भीती मला कळती. मीबी तीच खाल्ली. सांगा. ही गयाबाई. ही वेल हिनं वेरूळच्या खांबावरनं मोजून काढली. शेठच्या आज्याचा हिच्याशी काही संबंध नाय."

गाईडनं घसा साफ केला. सांगितलं. शेठ म्हणाला, "निघ. आत्ताच्या आत्ता."

"हिला हे बोलायचं होतं," मी म्हणलं. "ती बोलायला उभी राह्यली तेव्हा हिला खाली कुणी बसवलं? शेठनं सांगितलं. बसवलं मी. हिच्या नवऱ्यानं."

गाईड थांबला. बारक्या आवाजात म्हणाला, "बाबा, हे राहू द्या. हे कशाला सांगता?"

"हेबी सांगा."

त्यानं सांगितलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. शेठनं दंडाला धरलं. मी त्याचा हात काढला अन् गाईडचं इंग्रजी संपेस्तोवर तिथंच उभा राह्यलो.