पाचशे सत्तरचा आकडा

मुकुंदवाडीत विशाखा साळवेच्या घरी नळाला पाणी यायचं तेव्हा तिच्या आई, गीताबाई, हंडे लावायच्या आणि विशाखा वडिलांचं घड्याळ घेऊन नळाशी बसायची. एक हंडा भरायला किती वेळ लागतो, हे ती पेन्सिलीनं भिंतीवर लिहायची. शेजारच्यांनी मोटार लावली की तोच हंडा दुप्पट वेळ घ्यायचा. "भिंत खराब करू नको गं," गीताबाई ओरडायच्या. पोरगी भिंत खराब करत राहिली, पुढं बीएस्सी झाली आणि एकतिसाव्या वर्षी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होती. इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम मोडतात कुठं, हे शोधायचा तिला पगार मिळायचा.

त्या वर्षी कंपनीकडं पैठण रोडवरच्या एका धर्मादाय दवाखान्याचं काम आलं. रोज सकाळी आठला ओपीडीचे टोकन मोबाइलवर सुटणार होते. सगळे एकदम तुटून पडले तर सर्व्हर तग धरेल का, हे आधी पाहायचं होतं. विशाखानं खोटे वापरकर्ते तयार केले. पहिल्यांदा शंभर, मग दोनशे, असे वाढवत सहाशेपर्यंत. प्रत्येकानं टोकन मागायचं, उत्तर आलं की सेकंदभर थांबायचं, पुन्हा मागायचं. सर्व्हर सेकंदाला किती विनंत्या निकाली काढतो, हा मुख्य आकडा.

तीनशे जणांपर्यंत आकडा वाढत दोनशे तीसवर गेला. चारशे आणि पाचशेला दोनशे चाळीसच्या आसपास अडकला. सहाशेला मात्र एकदम पाचशे सत्तर! चुका शून्य.

तिचे टीम लीड अमेय सर खूश झाले. "जबरदस्त! दवाखान्याला कळवून टाकतो."

"सर, पण पाचशेला अडकलेला सर्व्हर सहाशेला पळायला कसा लागला?"

"पळतोय ना? मग पळू दे की."

त्यांनी त्याच दुपारी रिपोर्ट पाठवला. विशाखाचा डबा तसाच राहिला. पाचशे जण होते तेव्हा उत्तर यायला सेकंदाहून जास्त वेळ लागत होता. सहाशेला तो वेळ सेकंदाच्या विसाव्या भागावर आला होता. गर्दी वाढली आणि काम सोपं झालं? टेस्ट चालवणारं मशीनच चुकत असेल, म्हणून तिनं दुसऱ्या मशीनवरून टेस्ट घेतली. तेच. सर्व्हर जुनीच उत्तरं साठवून परत देत असेल, म्हणून साठवण बंद केली. तरी तेच.

दुसऱ्या दिवशी तिची नजर एका रकान्यावर गेली, ज्याकडं एरवी कुणी बघत नसे. उत्तराचा आकार. टोकनचं पान चांगलं मोठं होतं. सहाशेच्या टेस्टमधली बहुतेक उत्तरं चिमूटभर होती. तिनं त्यातलं एक उघडलं. त्यात एकच ओळ होती: 'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.'

मग तिनं डेटाबेसमध्ये खरोखर नोंदले गेलेले टोकन मोजले. पाच मिनिटांत एक लाख एकाहत्तर हजार विनंत्या निकाली निघाल्या होत्या आणि टोकन होते नऊ हजार. एकोणिसातल्या अठरा जणांना सर्व्हरनं दारातूनच परत पाठवलं होतं, आणि 'सगळं ठीक' असा शिक्का मारून पाठवलं होतं. म्हणून चुका शून्य. नाही म्हणायला वेळ लागतोच किती!

"अरे देवा," अमेय सर म्हणाले. "आता त्यांना काय सांगू? आकडा निम्म्याहून खाली आला म्हणून?"

"त्यांना किती लागतात ते विचारलंय का आपण?"

कुणीच विचारलं नव्हतं. विशाखा सकाळी साडेसातला दवाखान्यात जाऊन उभी राहिली. केसपेपरच्या खिडकीत पारूबाई होत्या. बावीस वर्षं त्याच खिडकीत.

"मावशी, आठला किती माणसं असतात?"

"हजार-बाराशे धर. सोमवारी लई."

विशाखानं मनात हिशेब केला. कुणाला परत न पाठवता खरा वेग सेकंदाला दोनशे चाळीस. बाराशे म्हणजे पाच सेकंद. एवढ्यात सगळं आटपायला हवं. ती हसली, तशा पारूबाई म्हणाल्या, "पण बाई, माणूस एकदाच थोडाच विचारतो? नंबर लागला का नाय ते कळलं नाय तर दहादा खिडकीत डोकं घालतो. मोबाइलवर तर बटन दाबीतच राहील."

म्हणजे 'थोड्या वेळानं या' म्हटलं की गर्दी आणखी वाढणार होती. विशाखानं हे ऑफिसात सांगितलं. अमेय सरांनी स्वतः दवाखान्याला फोन करून पहिला रिपोर्ट चुकल्याचं कबूल केलं. पुढं आठवडाभर दोघांनी काम केलं. आता गर्दी झाली की पानावर 'तुमच्या आधी ४३ जण आहेत, बटण दाबू नका' असं यायचं आणि तो आकडा आपोआप खाली उतरायचा. टेस्टही बदलली. उत्तरात टोकन नंबर दिसला तरच ते टोकन धरायचं. नव्या टेस्टमध्ये सहाशे जणांनाही आकडा दोनशे अडतीसवर स्थिर राहिला. अमेय सरांनी तोच कळवला.

पहिल्या सोमवारी आठ वाजून एका मिनिटाला दिवसाचे सगळे बाराशे टोकन वाटून झाले होते. ऑफिसात पेढे आले. विशाखा मात्र आलेखात एक बारीकसा उंचवटा बघत होती. आठ वाजून चाळीस मिनिटांपासून एकापाठोपाठ पन्नासेक विनंत्या आल्या होत्या आणि टोकन संपल्यामुळं सगळ्या परत गेल्या होत्या. मंगळवारीही तेच, त्याच वेळी.

तिनं पारूबाईंना फोन लावला.

"पैठणची एसटी येती ना तवा," पारूबाई म्हणाल्या. "म्हातारी माणसं असत्यात. घरी मोबाइल नाय. फाटकापाशी मेडिकलवाला त्याच्या मोबाइलवर भरून देतो त्यांचं."

म्हणजे आठला टोकन सुटायचे तेव्हा ती माणसं एसटीतच असायची. विशाखानं उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी पैठणला जाऊन तिला त्याच एसटीनं परत यायचं होतं.