बाकावर मिळालेला खो

गावात कुणी त्या फुटबॉलच्या कपाचा विषय काढला की माझं डोकं फिरतं. शाळेच्या काचेच्या कपाटात तो ठेवलाय अन् त्याच्यामागं आमचा फोटो. विभागात पहिली आलेली शाळेची पहिली टीम, असं खेळाचे सर दरवर्षी नव्या पोरींना सांगतात. सांगू द्या. त्या टीमची गोलकीपर मी होते, अन् मला त्या कपातून पाणीसुद्धा प्यावंसं वाटत नाही.

आमचा जिल्हा खो-खोचा. आमच्या लोहारा तालुक्यात तर लेकरू चालायला लागलं की आधी खांबाभोवती पळतं. आम्ही त्या खेळातून हाकललेल्या पोरी. कुणी जाड, कुणी मंद, कुणी सरांना उलटून बोलणारी. ती उलटून बोलणारी म्हणजे मी. एक दिवस सरांनी आमच्याकडं बॉल भिरकावला अन् म्हणाले, हे घ्या आणि गप खेळत बसा. आम्हाला काय डोंबल येत होतं! बॉल द्यायचा झाला की काय ओरडायचं हेसुद्धा ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही 'खो' म्हणायला लागलो. खो ऐकला की उठून पळायचं, ही खोड अंगात लहानपणापासूनची. समोरच्या पोरींना कळायचंच नाही, ह्या काय ओरडतायत ते. तालुका जिंकलो, धाराशिवला जाऊन जिल्हा जिंकलो, अन् मग सरांना एकदम आठवलं की ह्या पोरींना फुटबॉल आपणच शिकवलाय.

खरं जिंकवत होती माझी मैत्रीण. सकाळी म्हशीचं उरकून येईस्तोवर तिचा सराव बुडायचा, म्हणून खो-खोतून काढलेली. बाजाराच्या दिवशी एखादी म्हातारी गर्दीतून एसटीत शिरते ना, तशी ती बॉल घेऊन सगळ्यांच्या मधून निघायची. जिल्ह्याचे सगळे गोल तिचे. लातूरला विभागाच्या फायनलला एक साहेब येणार होते, पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी पोरी निवडायला. राहणं, खाणं, शाळा, खेळ, सगळं तिथंच. तिच्या घरी दहावीनंतर शाळा बंद हे ठरलेलं होतं. दुसरी वाटच नव्हती तिला. मला तेवढं एकदा खेळताना बघू दे त्यांना, एवढंच ती म्हणायची.

लातूरला जायच्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांची नात गाडीत येऊन बसली. अंगात माझ्या मैत्रिणीची जर्सी. खेळाडू म्हणून नाव लागलं की पुढं कॉलेजला उपयोगी पडतं, म्हणून सरांनी माझ्या मैत्रिणीचं नाव काढून नातीचं घातलं होतं. मी गाडीतच भांडायला उठले. सरांना म्हणाले, मग गोलात पण तुम्हीच उभे राहा. मैत्रिणीनंच माझा हात ओढला. सरांनी तिच्या कानात सांगून ठेवलं होतं, तू नुसती चल, नंतर उतरवतो तुला. साफ खोटं. यादीत नाव नाही तर उतरवणार कुठून? पण तिनं विश्वास ठेवला अन् पाण्याचा कॅन घेऊन बाकावर जाऊन बसली.

फायनलला गोल काही होईना. नात सगळा वेळ मैदानाच्या कडेला जर्सी सावरत उभी. एकदा चुकून बॉल तिच्या पायाशी आला. काय करावं सुचेना, समोरून दोघी धावून येतायत. आम्ही ओरडायचो ते तिनं ऐकलेलं होतं. तिनं डोळे मिटून बॉल लाथाडला, नेमका आमच्या बाकाच्या दिशेनं, अन् ओरडली, "खो!"

मैत्रीण उठली. ते तिनं ठरवून केलं नाही, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. खो मिळाला, उठली. चपला बाकाखालीच राहिल्या. शाळेच्या ड्रेसवर, अनवाणी, तिनं कडेलाच बॉल अडवला, चौघींना चुकवलं अन् बॉल सरळ जाळ्यात घातला.

सगळं मैदान हसलं. पंचांनी शिट्टी मारली, गोल रद्द केला, तिला बाहेर काढलं अन् सरांना विचारलं, ही कोण. कप जाईल म्हणून सरांची पाचावर धारण बसली होती.

"आमच्या टीमची न्हाय ती," सर म्हणाले. "बघायला आलेली पोरगी हाय."

पुढं समोरच्याच एका पोरीच्या पायाला लागून बॉल त्यांच्या जाळ्यात गेला. झालो आम्ही विजेते! हाच तो ऐतिहासिक विजय.

मी हातमोजे काढत होते, तेव्हा ते पुण्याचे साहेब सरांकडं आले. त्यांनी विचारलं, ती अनवाणी पोरगी कोणत्या शाळेची? सरांनी हसत तेच उत्तर दिलं. मी मागून म्हणाले, "आमचीच हाय, साहेब. जिल्ह्याचे सगळे गोल तिचे हायेत." सर म्हणाले, मैत्रीण आहे, म्हणून बोलतीय. साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सरांकडं, अन् गाडीत बसून गेले. त्या वेळी सरांच्या तोंडात माती घालावीशी वाटली होती. अजून वाटते.

परतताना ती मागच्या सीटवर मांडीवर रिकामा कॅन घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ही सरांना शिव्या घालंल, मग मीपण घालीन.

ती म्हणाली, "म्हंजी साहेबांनी माझं इचारलं?"

"व्हय."

"सोताहून?"

"व्हय."

ती खिडकीकडं तोंड करून हसली. गावात गुलाल तयारच होता. जीपवर नात उभी होती अन् खाली माझी मैत्रीण सगळ्यांपेक्षा जास्त नाचली. मी तिचा दंड धरून ओढलं, तरी थांबंना.

दहावी झाली अन् तिची शाळा सुटली. आता तिला एक लेक आहे. पुण्याच्या साहेबांनी मला सोताहून इचारलं होतं, असं ती लेकीला सांगते. लेक विचारते, मग तू गेली का न्हाईस? तेव्हा ती म्हणते, म्हशी कुणी बघितल्या असत्या.