रिकामं बाकडं

नदीकाठच्या बागेचं नूतनीकरण होणार असं कळलं तेव्हा मी ठरवलं, दर रविवारी सकाळी एकाच जागेवरून तिचा एक फोटो काढायचा. मी शाळेत चित्रकला शिकवतो. फोटोंचं वेड जुनं. वरच्या पायरीवर ऑइलपेंटनं खूण केली आणि तिथे उभा राहू लागलो. समोर उंबर, त्याखाली सिमेंटचं बाकडं, मागे गंगा. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.

आईही माझ्याबरोबर यायची आणि त्या बाकड्यावर बसायची. तिच्या गुडघ्यांना तेवढंच चालणं झेपायचं. मला मात्र फोटोत माणूस नको होता. जागा बदलताना दिसली पाहिजे, माणूस मध्ये आला की लक्ष त्याच्याकडेच जातं, असं माझं ठाम मत. हट्टच म्हणा.

“आई, जरा बाजूला हो ना.”

“अरे, आत्ता कुठे टेकले. मी असले तर काय बिघडतं तुझ्या फोटोत?”

“सगळंच बिघडतं.”

ती गुडघ्यांवर हात ठेवून उठायची आणि माझ्यामागे येऊन उभी राहायची. पुढे पुढे सांगावंही लागेना. मी कॅमेरा काढला की ती उठायची. एकदा तिचं बसायचं फडकं, जुन्या साडीची घडी, बाकड्यावरच राहिलं. मी चिडलो आणि घरी येऊन ते फोटोतून पुसून टाकलं.

मग उंबर तोडला. जेसीबीनं बाकडं उचललं त्या रविवारी आई म्हणाली, “चला, तुझी अडचण गेली.” मीही हसलो. पेव्हर ब्लॉक आले, स्टीलचे कठडे आले, सेल्फी पॉइंट आला. नव्या बैठकांना पाठ नव्हती, उंचीही कमी. आई एकदा बसली, उठताना फार त्रास झाला, तेव्हापासून यायची बंद झाली.

फोटोंचं प्रदर्शन भरवलं. लोकांनी वाहवा केली. आई पहिल्याच फोटोसमोर थांबली. “आपलं बाकडं,” एवढंच म्हणाली.

दिवाळीनंतर ती गेली. दहाव्यासाठी मावशीनं फोटो मागितला. “तुझ्याकडे काय, ढीगभर असतील.”

मी एकेक रविवार उघडून पाहिला. उंबराची साल दिसते, बाकड्याची भेग दिसते, आई कुठेच नाही. फडकं पुसलेला फोटोही शोधून काढला. तिथलं सिमेंट मी इतकं सफाईनं जुळवलं होतं की माझं मलाच काही सापडेना. त्या सफाईची मला शिसारी आली.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. मागच्या वर्षी मीच तिला केंद्रावर नेलं होतं. फोटोत ती मधोमध नाही, एका कडेला गेली आहे. भेटायला आलेले म्हणाले, काढणाऱ्यानं नीट बसवायला नको का. समोर कॅमेरा दिसला, म्हणून ती सवयीनं बाजूला झाली असणार.