ग्लिसरीन किती घालायचं

उमादेवी सास्तूरची. भूकंपानंतर गाव नव्यानं उभं राहत होतं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. वडील धुळाप्पा गवंडी, आणि त्यांच्या हाताखाली वीट-वाळू द्यायला ती असायची. पुढं नवरा वारला. तो धाराशिवच्या ज्या कॉलेजात शिपाई होता, तिथंच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचं काम तिला मिळालं.

तिच्या नोकरीच्या अकराव्या वर्षी निकिता तिथं संशोधनाला आली. बॅटरीतल्या द्रवाऐवजी घन पापुद्रा वापरता यावा, म्हणून ती पॉलिमर आणि क्षाराचं द्रावण बशीत ओतून वाळवायची. ओतायचं काम हळूहळू उमादेवीकडंच आलं, कारण तिचा हात हलत नसे.

नुसता पापुद्रा कडक व्हायचा, त्यातून आयन जेमतेम सरकत. ग्लिसरीन घातलं की पॉलिमरच्या साखळ्या सैल पडत आणि आयनांना वाट मिळे. पण किती घालायचं? एकाच मिश्रणाचे दोन पापुद्रे वहनाचे निरनिराळे आकडे दाखवत. चार महिने असेच गेले.

"मावशी, विषयच बदलावा म्हणते," निकिता एका दुपारी म्हणाली.

उमादेवी पापुद्रा चिमटीत धरून बघत होती. "मॅडम, ह्यो एका अंगाला जाड हाय. ओट्याला उतार असणार."

"सरळ तर दिसतोय."

"दिसतोय व्हय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांची पाणसळ आणून ओट्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला गेला. पाणी मोरीकडं वाहावं म्हणून ओटा मुद्दामच उतरता बांधलेला होता. तिनं वर जाड काच मांडली, खाली पत्र्याचे तुकडे सारले आणि बुडबुडा मधे आणला.

त्यानंतरचे पापुद्रे सगळीकडं सारख्या जाडीचे निघाले आणि आकडे जुळले. ग्लिसरीन वाढेल तसं वहन वाढत गेलं. मात्र शेवटच्या मिश्रणाचा पापुद्रा इतका लिबलिबीत झाला, की बशीतून सुटेचना.

"ह्याच्या आधीचाच बरा," उमादेवी म्हणाली. "वाकतोय, पर तुटत न्हाय."

त्याचं वहन थोडं कमी होतं, पण तो टिकत होता. निकितानं तोच निवडला. मग आपल्या मार्गदर्शक सरांना विचारून तिनं उमादेवीला मोजणीही शिकवली. पहिला आकडा वहीत लिहिताना उमादेवीनं तो तीनदा तपासला.

आता आठवड्यातून दोन दिवस मोजणी तीच करते. परवा हर्षाली नावाच्या नव्या विद्यार्थिनीनं तिला विचारलं, "मॅडम, जाडी कुठं मोजायची?"

"पाच जागी," उमादेवी म्हणाली. "मधी एकदा, कडंला चारदा. बस, दावते."