केलेपीचा सर्व्हर आणि तोमासीचा आवाज

आमच्या वावाऊ बेटाच्या धक्क्यावरची ती निळी खोली आता बंद असते. कुलूपसुद्धा गंजलंय. तरी तिथून जाताना माझी पावलं रेंगाळतात. त्या खोलीत माझा भाचा केलेपी होड्यांचा रेडिओ सांभाळत बसायचा.

केलेपी म्हणजे माझा भाऊ तोमासी, त्याचा मुलगा. ऑकलंडला कॉम्प्युटर शिकला आणि परत आला, म्हणून लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मी त्याची आत्या. आमच्यात आत्याचा मान बापाहून मोठा, त्यामुळे मी तिथं चटई विणत बसले तर ऊठ म्हणायची कुणाची छाती नव्हती. बसायचं खरं कारण वेगळंच. भाऊ-बहीण मोठी झाली की एका छपराखाली बसत नाहीत, ही आमची रीत. तोमासी समुद्रावरून रेडिओवर बोलायचा. त्याचा आवाज माझ्या वाट्याला तेवढाच.

कुठली होडी शेवटची कुठून बोलली, हे एक सर्व्हर लक्षात ठेवायचा. तो होता परदेशात. एका वर्षी समुद्राखालची केबल तुटली, इंटरनेट गेलं आणि सर्व्हरही हातचा गेला. केलेपीनं कुठल्याशा डब्यातून जुना पेन ड्राइव्ह काढला. त्यात त्या प्रोग्रामचा सोर्स कोड होता.

"तयार नाही का मिळत?" मी विचारलं.

"तयार आणायला इंटरनेट लागतं, आत्या. हा कच्चा माल. इथंच बांधायचा."

"म्हणजे पानं उकडण्यापासून चटई."

"तशीच."

त्यानं एक शब्द टाइप केला आणि पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. मधेच सगळं अडलं. काहीतरी जोडायचं राहिलं होतं. त्यानं ते जोडलं आणि पुन्हा मुळापासून सुरू. बांधून झाल्यावर चाचण्या चालवल्या, त्याही पार पडल्या. मग त्यानं सर्व्हरला 'पिंग' अशी हाक मारली. सर्व्हर म्हणाला, 'पाँग'. आम्ही दोघं पोरांसारखे हसलो.

"हा सगळं डोक्यात ठेवतो, म्हणून झटकन सांगतो," केलेपी म्हणाला.

"आणि वीज गेली की?"

"अधूनमधून डिस्कवर लिहून ठेवतो गं."

पुढच्या शनिवारी वारा उठला. रविवारी आमच्याकडे होड्या निघत नाहीत, त्यामुळे शनिवारी सगळे उशिरापर्यंत बाहेर. एकदम सगळ्यांचेच आवाज येऊ लागले. त्यात तोमासीही होता. त्याचं इंजिन बंद पडलं होतं आणि होडी वाहवत चालली होती. कुठं, तेही त्यानं सांगितलं. केलेपी ऐकेल ते सर्व्हरमध्ये घालत गेला, स्वतःच्या डोक्यात काही न ठेवता. मग तोमासीचा आवाज बंद झाला. आणि वीज गेली.

जनरेटर लावला. सर्व्हर उठला, पण वारा उठल्यापासूनचं सगळं कोरं.

केलेपीनं डिस्क उघडून पाहिली. "लिहिलंच नाही यानं," तो म्हणाला. "हजारो नोंदींच्या देशात बनलेला प्रोग्राम. नोंदी खूप झाल्या की लगेच लिहितो, आपल्या मूठभर होड्यांसाठी तासभर थांबणार होता. ते मी बदललंच नाही. आत्या, बाबा कुठून बोलले?"

मला सांगता येईना. मी आवाज ऐकत होते, शब्द कुठं ऐकले?

"अरे, घरोघरी रेडिओ आहेत," मी म्हणाले. "विचार की."

रेडिओ बॅटरीवर चालू होता. केलेपीनं हाक दिली, "माझा सर्व्हर सगळं विसरलाय. कुणाची होडी कुठं, ऐकलेलं सांगा!"

पहिली फुसी, धक्क्यापलीकडची, जिच्या जिभेला हाड नाही. "तोमासी हुंगा बेटाच्या मागं आहे, पश्चिमेला वाहतोय. आणि त्याला सर्दी झालीय. केलेपी, तुझ्या सर्व्हरला म्हणावं, फुसीच्या डोक्याला वीज लागत नाही!"

मग एकेक घर बोलू लागलं. केलेपी हसत होता आणि डोळे पुसत होता. हुंगाजवळची एक होडी लगेच वळली.

त्यानं सर्व्हरची ती सेटिंग तिथल्या तिथं बदलली. ऐकला शब्द की लगेच डिस्कवर.

अंधार पडता पडता तोमासीची होडी ओढून आणली. तो पायऱ्या चढतोय हे कळताच मी चटई गुंडाळून मागच्या दारानं बाहेर पडले. रीत ती रीत. पण घरी काही गेले नाही, भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"केलेपी," आतून तोमासीचा आवाज आला, कारण नसताना चढलेला. "तुझ्या आत्याला सांग, नारळाच्या दुधातलं अळूच्या पानांचं लू गार झालं असलं तरी पाठव म्हणावं. फार भूक लागलीय!"

तोमासी आता नाही. केलेपी ऑकलंडला परत गेला. मी मात्र त्या भिंतीला अजून कधीतरी पाठ लावते.