बंद चिमणीचा फोटो

आमच्या शेतामागचं कोळशाचं वीजघर बंद पडलं, तेव्हा त्याचा फोटो काढायला शहरातून एक माणूस आला. बांधावर पालथा पडून तो एक डोळा मिटायचा, मग उठून सदरा झटकायचा.

भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला मी पालापाचोळ्याचा राब रचला होता. वारा पडला होता, म्हणून आजच पेटवायला हवा होता. मी काडी काढताच तो म्हणाला, "ताई, नका पेटवू. धुराने हवा खराब होते."

परक्या माणसाशी मला बोलवत नाही. सासूबाईच म्हणाल्या, "मंग ही चिमनी इतकी वरसं काय अगरबत्ती लावून बसलेली?"

मी राब पेटवला. धूर चिमणीसमोरून तिच्या टोकापर्यंत चढला, तसा तो घाईने फोटो काढू लागला.

"ताई, हलू नका. आता चिमणी कशी चालू असल्यासारखी वाटते."

मी हलले. आग शेजाऱ्यांच्या गवताकडे सरकत होती.