कोंडाबाईंचा पुकारा

खासदार झाल्यावर परवा प्रथमच आमच्या तालुक्याच्या कोर्टात गेलो. व्हरांड्यात पट्टेवाल्याने पुकारा केला, "कोंडाबाई हजर हो!" एकदा, दोनदा, तीनदा. नळावर पाणी पीत असलेली म्हातारी पदर सावरत धावली. तीन हाका मारल्याशिवाय इथे कुणाचं काही काढून घेत नाहीत.

आणि आम्ही दिल्लीत काय केलं? सरकारी जागेवरच्या घरांचे दावे कोर्टाने ऐकायचेच नाहीत, असा कायदा जेवणाच्या सुट्टीआधी करून मोकळे झालो. ज्यांची घरं जाणार, त्यांच्यातल्या एकालाही कुणी हाक मारली नाही. उभी हयात वकिलीत गेलेल्या मला ते कलम नीट कळत होतं. तळपायाची आग मस्तकात जात होती, आणि तोंडाने मी 'हो' म्हणत होतो. पक्षाचा आदेश होता म्हणे. कसला आदेश? तिकिटाची भीती होती.

कोंडाबाई लगेच बाहेर आल्या. माझ्याच जुन्या अशील.

"वकीलसाहेब, जज्जसाहेब म्हणाले, कायदा बदलला. आता घराची तारीख नाही."

मी मान हलवली.

"तुम्ही होता ना तिथं? मग आमच्या बाजूनं भांडला असाल."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांची खात्री होती.